रुक्मिणीचे शंभर जन्म

कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आडुतुरैच्या अलीकडे, गोविंदपुरम् हे कावेरीकाठचे गाव लागते. कांची कामकोटी पीठाचे ५९ वे आचार्य भगवन्नाम बोधेंद्र सरस्वती ह्यांचे अधिष्ठान येथे आहे. ते १६९२ मध्ये समाधिस्थ झाले असे परंपरा मानते. तंजावरच्या गादीवर तेव्हा व्यंकोजीचा पुत्र शाहजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) होता. वेगवेगळ्या प्रांतांच्या राजकन्या रंगभूमीवर आणून प्रत्येकीच्या तोंडी तिची तिची भाषा घालणारे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक त्याचेच. त्यातील महाराष्ट्राची राजकन्या मराठी बोलते. पुढे नदीच्या वाळूत बोधेंद्रांच्या समाधीची जागा हरवली. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी वाळूला कान लावून रामनाम ऐकले आणि ती शोधून काढली, अशी आख्यायिका आहे. अशा ह्या नामसंकीर्तनाच्या गावी २०११ मध्ये महाराष्ट्री धाटणीच्या शिखराचे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. तमिळ भाविक तेथे पांडुरंगाचे अभंग म्हणतात आणि रुक्मिणीला ‘तायार’ म्हणून हात जोडतात.

ह्या तायारची कथा मराठी वाचकाला परकी नाही, आणि तीच अडचण आहे. अतिपरिचयामुळे ह्या कथेच्या रचनेकडे बारकाईने पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटलेली नाही. विदर्भराज भीष्मकाची मृदू स्वभावाची कन्या, मुळात साक्षात लक्ष्मी, मनुष्यजन्म घेऊन येते, पत्र लिहिते, कृष्ण तिला हरण करून नेतो. एवढ्यात कथा संपते अशी सर्वसाधारण समजूत असते. पुनर्जन्म आणि शाप ह्या दोन कल्पना त्या कथेत कोठे बसतात आणि कोणावर येऊन पडतात, हे पाहिले की ही सोपी वाटणारी कथा एकाएकी गहन होते.

शाप रुक्मिणीला नाही. तो तिला नेमलेल्या वराला आहे. चेदिराज शिशुपाल हा पूर्वजन्मी वैकुंठाचा द्वारपाल. जय आणि विजय ह्या द्वारपालांनी सनकादी ऋषींना अडविले, ऋषींनी शाप दिला आणि त्या दोघांना तीन जन्म असुरयोनीत व वैरभावाने काढावे लागले. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, मग रावण आणि कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल आणि दंतवक्र असा तो क्रम आहे. सात जन्म भक्त म्हणून घ्याल की तीन जन्म वैरी म्हणून, असा पर्याय त्यांना दिला गेला ही कीर्तनातून रूढ झालेली कथा. भागवतात असा पर्याय नाही. तेथे आहे तो शाप आणि त्याला भगवंताने दिलेली संमती. दुसरीकडे विष्णुपुराण सांगते की, भगवंत जेव्हा जेव्हा अवतार घेतो तेव्हा तेव्हा लक्ष्मी त्याच्या मागोमाग येते. रामाच्या वेळी ती सीता होते, कृष्णाच्या वेळी रुक्मिणी. हे दोन धागे एकत्र धरले की कौंडिण्यपुरातील त्या लग्नघराला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. ज्या जीवाने मागच्या जन्मी हिला पळवून लंकेत ठेवले, तोच आता बाशिंग बांधून, वऱ्हाड घेऊन, हिच्या भावाच्या निमंत्रणावरून दाराशी आला आहे.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात ह्याहून एक बारीक तपशील आहे. तो अभ्यासकांच्याही नजरेतून सहसा निसटतो. शाप झाल्यावर भगवंत द्वारपालांना सांगतो की, हे पूर्वीच ठरलेले होते. एकदा तो विश्रांती घेत असताना लक्ष्मी आत येत होती. तिलाही ह्या दोघांनी दारात अडविले होते आणि तिने रागाने हे भाकीत केले होते. ऋषींच्या शापाच्या आधी लक्ष्मीचा कोप आहे. म्हणजे ज्या शापामुळे शिशुपाल जन्माला आला, त्याचा पहिला उच्चार रुक्मिणीच्याच पूर्वरूपाने केलेला आहे. दारात अडविले जाण्याचा तो अपमान तीन जन्मांनंतर उलटा फिरतो आणि अडविणारा स्वतः वर होऊन दाराशी येतो व रिकाम्या हाताने परत जातो. ही जुळणी भागवतकाराने मुद्दाम केली की नाही, हा वाद येथे करण्याचे कारण नाही. दोन्ही प्रसंग एकाच ग्रंथात आहेत आणि वाचणाऱ्याला ते जोडता येतात, इतके पुरे.

मात्र रुक्मिणीला ह्यातले काहीही आठवत नाही, आणि कथेचे सारे सामर्थ्य ह्या विस्मरणात आहे. दहाव्या स्कंधात तिचा परिचय ‘श्रीचा अंश’ असा करून दिला जातो. तो परिचय श्रोत्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. ती पाहुण्यांच्या तोंडून कृष्णाचे गुण ऐकते आणि मनाने निश्चय करते. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो तेव्हा एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती निरोप पाठविते. सात श्लोकांचा हा निरोप संस्कृत साहित्यातील एक अत्यंत मुद्देसूद लेख म्हणावा लागेल. त्यात प्रेमाची कबुली आहे, परंतु त्याहून अधिक योजना आहे. अंतःपुरात राहणाऱ्या मुलीला तिच्या बांधवांना न मारता कसे न्यायचे, हा प्रश्न कृष्णाच्या मनात येईल हे तिने ओळखले आहे. म्हणून ती स्वतःच उत्तर देते की, लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेसाठी वधू नगराबाहेरच्या गिरिजेच्या देवळात जाते, तेथे यावे. सौम्य म्हणून वर्णिलेल्या ह्या मुलीने आपल्याच हरणाचे स्थळ आणि वेळ ठरवून दिली आहे, आणि रक्तपात टाळण्याची काळजीही तिचीच आहे.

त्या निरोपाच्या अखेरीस ती म्हणते, त्याचा आशय असा: ह्या जन्मी कृपा झाली नाही तर व्रतांनी झिजवून हा देह सोडीन, मग शंभर जन्म लागले तरी चालतील. ह्या एका वाक्यात पुनर्जन्माची सारी कल्पनाच पालटते. शिशुपालाला जन्म मिळतात ते शिक्षा म्हणून, मोजून तीन. रुक्मिणी जन्म मागते ते आपल्या निश्चयाची मुदत म्हणून, आणि आकडा ती स्वतः ठरवते. आपण कोण आहोत हे तिला ठाऊक असते तर हे वाक्य केवळ औपचारिक ठरले असते. लक्ष्मीला नारायण मिळणार की नाही, ही शंकाच हास्यास्पद झाली असती. ठाऊक नसल्यामुळेच तिचे म्हणणे पण ठरते. ब्राह्मण परतायला उशीर करतो तेव्हा तिला वाटणारी धास्ती, माझ्यात काही उणे दिसले म्हणून तर तो आला नाही ना हा प्रश्न, हे सारे खरे होते.

तिच्या दैवी सामर्थ्याची झलक भागवतात एकदाच दिसते, तीही तिच्या नकळत. देवळातून बाहेर पडून ती मंद पावलांनी, केस सावरीत, जमलेल्या राजांकडे पाहते. तिची दृष्टी कृष्णाला शोधते आहे. पण ज्यांच्यावर ती पडते ते राजे हत्ती-घोड्यांवरून खाली येतात, हातातली शस्त्रे गळून पडतात. हे तिने केलेले नाही. तिच्या असण्याने झालेले आहे. पुढच्याच अध्यायात कृष्ण रुक्मीवर तलवार उगारतो तेव्हा हीच राजकन्या त्याच्या पायांवर पडून, कापत्या आवाजात, भावाच्या प्राणांची याचना करते. तुळशीच्या एका पानाने कृष्णाची तुला पुरी करण्याची जी लोकप्रिय कथा पुढे तिच्या नावावर आली, तिच्या मागची समज हीच आहे. ह्या देवतेचे बळ वजनात नसते.

ह्या विस्मरणाचे मराठी कवींनी काय केले, ह्यावर मराठी रुक्मिणीकाव्यांचे मूल्यमापन व्हावयास हवे. ते सहसा अलंकार, रसपरिपोष आणि वर्णनविस्तार ह्या अंगांनीच झालेले आहे.

आरंभ एका स्त्रीपासून होतो, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रिद्धपूर येथे, गोविंदप्रभूंच्या लीलाविवाहाच्या निमित्ताने महदाइसेने धवळे गाइले. धवळे म्हणजे लग्नातली वरविषयक गीते. त्यांचा विषय कृष्ण-रुक्मिणीविवाह. रिद्धपूर आणि वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे दोन्ही आजच्या अमरावती जिल्ह्यात. म्हणजे रुक्मिणीच्या माहेरच्या मुलखातच एका बाईने तिचे लग्न गाइले. महदाइसेला रुक्मिणीचे दैवी मूळ ठाऊक आहे, तिच्या दृष्टीने कृष्ण तर परमेश्वराचा अवतारच आहे. पण लग्नघरात गाणारी बाई वधूला देवी म्हणून दूर ठेवत नाही, ती तिच्या शेजारी उभी राहते. धवळ्यांची भाषा साधी आहे, आणि त्या साधेपणामुळे वधूची आतुरता तत्त्वाच्या आड जात नाही.

नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१२९२) ही ह्या परंपरेतील सर्वश्रेष्ठ कलाकृती. रामदेवराव यादवाने प्रत्येक ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले आणि ग्रंथावर आपले नाव घालण्यास सांगितले. नरेंद्राने ते नाकारले आणि महानुभाव पंथाचा आश्रय घेतला. जाताना आठवणीतून त्याला सुमारे ९०० ओव्याच नेता आल्या अशी कथा आहे. काव्याचा उत्तरार्ध आज उपलब्ध नाही. ही हानी मोठीच. पण त्या हानीचा एक विचित्र परिणाम झाला आहे. मराठी वाचकाच्या हाती नरेंद्राची जी रुक्मिणी आली, ती प्रामुख्याने वाट पाहणारी आहे. चंदनाचा दाह होणारी, चंद्राला दूषणे देणारी, सख्यांचे शीतोपचार परतवून लावणारी. हे विरहसंकेत संस्कृत महाकाव्यांतूनच आलेले आहेत, हे खरे. तरीही नरेंद्र त्यांना केवळ संकेत राहू देत नाही. जिने कृष्णाला पाहिलेले नाही तिला इतकी ओळख कोठून, हे नवल त्याच्या वर्णनात सतत जाणवत राहते. पूर्वजन्म तिला आठवत नाही, तिच्या शरीराला आठवतो. हे न सांगता सांगणे ही नरेंद्राची खरी प्रतिभा.

एकनाथांचा ग्रंथ वेगळ्या जातीचा आहे. शके १४९३ मध्ये (इ. स. १५७१) काशी येथे पूर्ण झालेले, १८ प्रसंगांचे त्यांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ जीव आणि शिव ह्यांच्या ऐक्याचे रूपक म्हणून योजिलेले आहे. रूपकात एक धोका असतो. जीवाचे शिवाशी ऐक्य हे सिद्धान्ताने निश्चित असल्यामुळे रुक्मिणीच्या शंकेला जागा उरत नाही, ती साधकाची पायरी होऊन बसते. एकनाथांच्या काव्यात हा धोका काही ठिकाणी प्रत्यक्षात उतरलेला आहे आणि तेथे ओवी निबंधासारखी चालते. पण एकनाथांमधला गृहस्थ त्यांच्यातल्या वेदान्त्याला वेळोवेळी सावरतो. लग्नाचे विधी, मानपान, विहिणींचे रुसवेफुगवे सुरू झाले की रूपक मागे पडते आणि पैठणचे लग्नघर पुढे येते. विद्यार्थ्यांना हा ग्रंथ शिकविताना अध्यात्माचा भाग आधी आणि लग्नाचा भाग ‘समाजचित्रण’ म्हणून नंतर सांगण्याची जी पद्धत आहे, ती उलटी करून पाहण्यासारखी आहे. सामराजाच्या ‘रुक्मिणीहरणा’त पंडिती सजावट भरपूर, परंतु त्या सजावटीखाली पत्र लिहिणारी मुलगी शोधावी लागते.

एकनाथांच्या ग्रंथाला जे भाग्य लाभले ते मात्र वाङ्मयीन नव्हे. उपवर मुलीने त्याचे पारायण केल्यास चांगला वर मिळतो, अशी श्रद्धा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ही प्रथा केवळ मराठी नाही. तेलुगू घरांत पोतनाच्या भागवतातील रुक्मिणीकल्याण मुली ह्याच हेतूने वाचतात. केरळात आणि तमिळ प्रदेशात मेल्पत्तूर नारायण भट्टतिरींच्या ‘नारायणीयम्’मधील रुक्मिणीविवाहाची दशके त्याच कामी येतात. घरच्यांनी ठरविलेले लग्न मोडून, गुप्तपणे पत्र पाठवून, स्वतः निवडलेल्या वराबरोबर निघून गेलेल्या मुलीची कथा अर्ध्या भारतातील मुलींनी वाचावयाची, ती घरच्यांनी ठरविलेले लग्न जमावे म्हणून! ह्या विसंगतीवर हसणे सोपे आहे. पण ती कथा सोवळ्यात, देवघरासमोर, वडीलधाऱ्यांच्या संमतीने त्या मुलींच्या हाती देण्यात आली, हेही तितकेच खरे. वाचणाऱ्या मुलीने मनात काय वाचले, ह्याची नोंद कोणत्याही पोथीत नाही. रुक्मिणी लक्ष्मी होती म्हणून तिला ते शोभले, असे म्हणून ह्या कथेची धार बोथट करण्याची सोय नेहमीच उपलब्ध होती. आणि रुक्मिणीला आपण लक्ष्मी असल्याचे ठाऊक नव्हते, ही गोष्ट त्या सोयीच्या आड येत राहिली.

कावेरीच्या खोऱ्यात ही कथा दोन वाटांनी गेली. एक वाट दरबाराची. रघुनाथ नायकाच्या आश्रयास असलेल्या राजचूडामणि दीक्षितांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्कृतात ‘रुक्मिणीकल्याण’ महाकाव्य रचले, म्हणजे मराठे तंजावरास पोचण्यापूर्वीच रुक्मिणी तेथे पोचलेली होती. दुसरी वाट कीर्तनाची. मराठी कीर्तनकारांच्या प्रभावातून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१ ते १९०३) ह्यांनी तमिळ हरिकथेला जो घाट दिला त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते व छंद कायमचे वस्तीला आले, आणि ‘रुक्मिणीकल्याणम्’ हे त्या हरिकथेचे एक आवडते आख्यान झाले. त्याखेरीज बोधेंद्र, तिरुविशनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि सद्गुरुस्वामी ह्या त्रयीपासून चालत आलेल्या भजनसंप्रदायात सीता, राधा आणि रुक्मिणी ह्यांची ‘कल्याणे’, म्हणजे विवाहोत्सव, साजरे होतात.

हरिकथा आणि कल्याणोत्सव ह्यांतला फरक येथे महत्त्वाचा आहे. हरिकथेत कथेकऱ्याला वेळ काढावा लागतो. ब्राह्मण द्वारकेस पोचला का, कृष्ण निघाला का, हे प्रश्न तो श्रोत्यांपुढे लोंबकळत ठेवतो, मध्ये एखादी साकी टाकतो, आणि उत्तर माहीत असलेला श्रोताही त्या रात्रीपुरता रुक्मिणीइतकाच अजाण होतो. कल्याणोत्सव विधी आहे. तेथे वधू पहिल्या क्षणापासून देवी असते, वर देव असतो, आणि मंगलसूत्र बांधले जाणार हे सर्वांना माहीत असते. तेथे पत्र म्हटले जाते ते स्तोत्र म्हणून. शिशुपालाला तर त्या मांडवात प्रवेशच नाही. त्याच्याविना शंभर जन्मांच्या त्या वाक्याला समोर उभे करायला काही उरत नाही. हा उत्सवाचा दोष मानणे अन्यायाचे होईल, कारण उत्सवाचे काम आनंद हे आहे. पण साहित्याच्या अभ्यासकाने कल्याणालाच कथा समजू नये. तशी चूक मराठीतही होते, आणि तेथे तिला हरिकथेचा उतारा सहसा मिळत नाही.

द्वारका, पंढरपूर आणि गोविंदपुरम् ह्या तीन ठिकाणी रुक्मिणी कोठे उभी आहे, हे पाहिले म्हणजे ह्या चर्चेला एक मूर्त आधार मिळतो. द्वारकेत तिचे देऊळ गावाबाहेर, द्वारकाधीशापासून दूर आहे. त्याचे कारण म्हणून सांगितली जाणारी कथा शापाची आहे. दुर्वासांचा रथ ओढताना तहानलेल्या रुक्मिणीने त्यांना न विचारता पाणी प्यायले आणि त्यांनी बारा वर्षांच्या वियोगाचा शाप दिला. पंढरपुरातही तिचे स्थान विठ्ठलाच्या गाभाऱ्यात नाही, ते वेगळे आहे. पण तेथली कथा निराळी. राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली, द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली, आणि तिला शोधीत आलेला देव पुंडलिकाच्या विटेवर खोळंबला. रा. चिं. ढेरे ह्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) ह्या ग्रंथात ह्या दैवतामागचे गवळी-धनगरी स्तर उलगडले आहेत. धनगरांच्या कथांतील विठ्ठलाची पदुबाईही अशीच रागावून वनात गेलेली आहे. स्वतंत्र देवस्थाने जोडण्यासाठी पुराणकारांनी कथा रचल्या, हे इतिहासाच्या दृष्टीने पटण्याजोगे आहे. तरी एकाच वस्तुस्थितीचे, म्हणजे वेगळ्या देवळाचे, स्पष्टीकरण द्वारकेने शापाने द्यावे आणि पंढरीने रुसव्याने द्यावे, ह्या निवडीत त्या त्या परंपरेची रुक्मिणीविषयीची समजूत दिसते. पंढरीच्या कथेत तिच्यावर कोणी काही लादलेले नाही. ती स्वतः निघून आली आहे, जशी एकदा स्वतःच पत्र लिहून कौंडिण्यपुरातून निघाली होती. वैकुंठाच्या दारात अडविली गेलेली लक्ष्मी रागावली होती, त्या रागाचा अंश ह्या रुसव्यात शिल्लक आहे असे म्हटले तर ते कथेच्या बाहेरचे ठरू नये. सौम्य म्हणजे राग नसलेली, असा अर्थ ह्या कथेने कधी घेतलेला नाही.

भागवताच्या साठाव्या अध्यायात लग्नानंतरचा एक प्रसंग आहे. कृष्ण थट्टेने म्हणतो की, इतके बलाढ्य राजे सोडून तू मला वरलेस ही चूकच झाली. अजूनही एखादा शोभेसा राजा पाहा. राजे घोड्यांवरून ज्या नजरेने पाडले तीच रुक्मिणी हे ऐकून हातातली चवरी टाकून मूर्च्छित पडते. कृष्ण घाबरतो, तिला उचलतो, समजूत घालतो. मग ती उत्तर देते, आणि ते उत्तर दीर्घ आहे, युक्तिवादाने भरलेले आहे. ह्या प्रसंगाकडे मराठी आख्यानकारांनी स्वयंवराच्या मानाने फार थोडे लक्ष दिले. लग्न झाल्यावरही जिला आपले देवीपण आठवलेले नाही आणि म्हणून अजून गमावण्याची भीती वाटते, अशी रुक्मिणी त्यांना कदाचित गैरसोयीची वाटली असावी.

गोविंदपुरम्‌च्या गाभाऱ्यात विठ्ठल आणि रुक्मिणी शेजारी शेजारी उभी आहेत. तमिळ भाविकाला पांडुरंग आणि तायार ह्यांच्यामध्ये भिंत असण्याचे कारण वाटत नाही. त्याने कल्याणोत्सव पाहिलेला आहे. पंढरपुरातला वारकरी मात्र विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून बाहेर येतो आणि रुक्मिणीच्या दर्शनासाठी दुसऱ्या दाराकडे वळतो. आषाढीला कौंडिण्यपुराहून रुक्मिणीच्या माहेरची पालखी विदर्भ ओलांडून त्याच दारासाठी चालत येते.